शिंप्याच्या पिशवीतला अणुबॉम्ब

लग्नसराईत शिंप्याकडून कपडे आले, की त्याच्या दुकानाचे नाव छापलेली प्लास्टिकची पिशवी घरात वर्षभर कशाकशाला उपयोगी पडते. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये आपला अणुकार्यक्रम सोडल्यावर तेथे सापडलेले अणुबॉम्बचे आराखडे अशाच, इस्लामाबादच्या एका शिंप्याच्या पिशव्यांतून निघाले! त्यात चिनी भाषेतला मजकूरही होता.

हे आराखडे पुरवणाऱ्या साखळीचे सूत्रधार अब्दुल कादिर खान. युरेनियम समृद्ध करण्यासाठी प्रचंड वेगाने फिरणारी नळकांडी, म्हणजे सेंट्रिफ्यूज, लागतात. त्यांचे तंत्र खानांनी १९७०च्या दशकात हॉलंडमध्ये नोकरी करताना लांबवले, हे खरेच. पण एकट्या खानांवर खापर फोडून मोकळे होणे फार सोयीचे आहे. खानांना पकडण्याचा विचार चालू असताना अमेरिकेच्या सीआयएनेच त्यांना मोकळे सोडून पाळत ठेवावी असे सुचवले होते, असे माजी डच पंतप्रधान रूड लुबर्स यांनी २००५ मध्ये सांगितले. पाळत ठेवता ठेवता पाव शतक उलटले!

या व्यापारात अख्खे यंत्र कोणी विकत नाही. नळी एकीकडे, बेअरिंग दुसरीकडे, पैसे तिसरीकडे. ऑक्टोबर २००३ मध्ये दुबईहून लिबियाकडे निघालेले 'बीबीसी चायना' हे जहाज इटलीतल्या तारान्तो बंदरात वळवण्यात आले, तेव्हा त्यावर मलेशियातल्या कारखान्यात घडवलेले सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग सापडले. ते कशासाठी होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे कारखान्याचे म्हणणे. सुटा भाग हातात घेतला तर तो कोणालाही पंपाचाच वाटावा.

उघडपणे करार करणारा मात्र चटकन सापडतो. आपल्या इस्रोने क्रायोजेनिक इंजिनासाठी रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी राजरोस करार केला होता. क्षेपणास्त्र-प्रसाराचे कारण देऊन अमेरिकेने मे १९९२ मध्ये दोघांवरही निर्बंध लादले. अतिथंड इंधन ऐनवेळी भरावे लागणारे हे इंजिन क्षेपणास्त्राला कसले उपयोगी पडणार? पण पुढच्याच वर्षी रशियाने तंत्रज्ञान द्यायचे नाकारले. मिळाली ती तयार इंजिने. इकडे ६ एप्रिल १९९८ रोजी पाकिस्तानने 'घौरी' उडवले, ते उत्तर कोरियाच्या नोडाँगवर बेतलेले. ती देवाणघेवाण कोणत्या करारात लिहिली होती?

खानांनी ४ फेब्रुवारी २००४ रोजी दूरचित्रवाणीवर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी मुशर्रफांनी त्यांना माफी दिली. आपण याला पाकिस्तानी तऱ्हा म्हणून हसतो. पण स्वित्झर्लंडचे काय? त्या मलेशियन कारखान्यात काम पाहणारा उर्स टिनर हा स्विस अभियंता. आपण सीआयएलाही माहिती पुरवत होतो, असे त्याने स्वतःच सांगितले. त्याला, त्याच्या भावाला आणि वडिलांना तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये दोषी ठरवले. तुरुंगात परत जाण्याची वेळ मात्र तिघांपैकी एकावरही आली नाही. खटल्याची बरीच कागदपत्रे नष्ट करण्याचा निर्णय तर स्विस सरकारने २००७ मध्येच घेतला होता; कारण काय, तर आराखडे भलत्यांच्या हाती पडू नयेत!