लाँचरचीही 'स्ट्रेस टेस्ट' हवी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारा लाँचर कोसळला आणि २० जणांचा जीव गेला. काँक्रीट-पोलादाखाली चिरडलेल्या माणसासाठी वैद्यकशास्त्राच्या हाती फार थोडे उरते. तासन्‌तास दबलेले स्नायू मोकळे झाले की त्यांतले पोटॅशियम एकदम रक्तात उतरते. जिवंत बाहेर काढलेल्या माणसाचे हृदयही त्याने बंद पडू शकते. या मृत्यूंवर उपचार करायचा तो आधीच, आणि संगणकावर.

लाँचर म्हणजे पुलाच्या दोन खांबांमधल्या अंतराहून लांब असा पोलादी सांगाडा. पुलाचे जड भाग उचलून जागेवर धरायचे आणि एक गाळा झाला की स्वतःच पुढच्या खांबाकडे सरकायचे, हे त्याचे काम. सांगाड्याचा प्रत्येक अवयव, जोड, आधार आणि भार 'स्टॅड'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये मांडला की कुठे किती ताण येतो ते कळते.

पण उभ्या लाँचरचे उत्तर सरकत्या लाँचरला लागू पडत नाही. झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून जिना चढताना छातीत दुखणार नाही, अशी हमी कुठलाच डॉक्टर देत नाही. ट्रेडमिलवर चालवून पाहतो. सरकताना लाँचरचे पुढचे टोक अधांतरी असते. हा अधांतरी भाग दुप्पट लांबला, तर नुसत्या स्वतःच्या वजनाने आधारापाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो आणि टोक सोळा पट झुकते. त्यात वारा आणि उतार. म्हणजे प्रत्येक टप्प्याचे गणित वेगळे.

शिवाय सॉफ्टवेअरला आधार पक्का सांगितला की ते तो पक्काच धरते. प्रत्यक्षात तो खांबावर रचलेल्या पॅकिंगवर आणि आवळलेल्या सळयांवर असतो. लाँचर दुसऱ्या कामावर गेला की गाळा, वळण, उतार बदलतात. तिथे जुनाच अहवाल जोडणे म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर रुग्णाला भूल देणे.

पूल शंभर वर्षांचा आणि लाँचर कामापुरता, म्हणून तो तपासणीत दुय्यम ठरू नये. त्याच्यावर माणसे रोज चढतात. प्रत्येक नव्या जागी ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याने टप्पावार गणित पुन्हा करावे. किती वाऱ्याला काम थांबवायचे, कोणता बोल्ट कोणत्या टप्प्याआधी सोडायचा नाही, हे मुकादमाच्या हाती हिंदीत किंवा मराठीत एका पानावर द्यावे. रात्रपाळीत जाडजूड इंग्रजी अहवाल उघडायला तिथे कोणी नसते.