शोणाचे महाभारत अजून लिहायचे आहे

१/ शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाली. मराठी घरांतील कित्येकांना कर्ण प्रथम भेटला तो व्यासांच्या ग्रंथात नव्हे, या कादंबरीत. ‘सूतपुत्र’ म्हणून हिणवल्या गेलेल्या योद्ध्याच्या बाजूने महाभारत सांगणारी ही कृती उपेक्षितांचा आवाज मानली जाते. प्रश्न असा की, या कादंबरीतील खरा उपेक्षित कोण?

२/ आधी रचना पाहू. नऊ भाग आणि सहा निवेदक : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. चार भाग कर्णाचे, इतर पाच जणांना एकेक. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना बोलते केले होते. सावंतांनी ती वाट अधिक रुंद केली.

३/ जगातही हेच घडत होते. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली ‘वेडी’ बायको आहे. १९६६ साली जीन ऱ्हिसने ‘वाइड सार्गासो सी’मध्ये तिला बालपण दिले आणि बोलण्याची संधी दिली. २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट यांनी मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधील गुलाम जिमला ‘जेम्स’ या कादंबरीचा निवेदक केले. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला.

४/ ‘जेम्स’ आणि ‘मृत्युंजय’ यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. जिमची प्रतिष्ठा कोणत्याही गुप्त कुळावर उभी नाही. तो माणूस आहे, एवढे पुरेसे ठरते. कर्णासाठी वाचक हळहळतो तो वेगळ्या कारणाने : ‘सूर्यपुत्र असूनही’ त्याला सूतपुत्र म्हटले गेले. सारी गोम त्या ‘असूनही’त आहे. कर्ण खरोखरच अधिरथाचा मुलगा असता, तर तो अपमान योग्य ठरला असता काय?

५/ हा प्रश्न ज्याने विचारायचा, तो कादंबरीतच आहे : शोण, अधिरथ आणि राधेचा पोटचा मुलगा. त्याला कवचकुंडले नाहीत, आकाशात पिता नाही, जन्माचे रहस्य नाही. हस्तिनापूरला निघालेल्या भावाच्या रथामागे तो चिमुकल्या पायांनी धावतो. पुढेही कथा त्याला भावाच्या मागेच ठेवते.

६/ रंगभूमीचा प्रसंग आठवावा. अधिरथ येतो, कर्ण त्याच्यापुढे मस्तक नमवतो आणि भीम म्हणतो, याने हातात चाबूक धरावा. वाचकाला कर्णाचा अपमान झाल्याचे दुःख होते. पण चाबूक हे अधिरथाच्या कुळाचे चरितार्थाचे साधन. भीमाने कर्णाला टोमणा मारला खरा, पण हीन ठरवले ते अख्ख्या सूतकुळाला. कर्णाच्या बाबतीत निदान ओळख चुकली होती. अधिरथाच्या बाबतीत कोणाचीच चूक झालेली नव्हती.

७/ यावर आक्षेप येईल की, कादंबरीचा नायक कर्ण आहे, मग शोणाकडून आणखी काय अपेक्षावे? आक्षेप रास्त आहे. सावंतांनी सूतकुळातील भावाला आणि पत्नीला स्वतंत्र भाग दिले, हे त्या काळी थोडे नव्हते. तरी शोण बोलतो ते बहुतांशी कर्णाबद्दल. त्याला आवाज मिळाला, तो साक्षीदाराचा. आणि ज्या राधेने कर्णाला वाढवले, तिच्या वाट्याला एकही भाग नाही.

८/ उद्योगपर्वातील कर्ण या बाबतीत त्याच्या चाहत्यांच्या पुढे आहे. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो : राधेने वाढवले, अधिरथाने संस्कार केले, विवाह सूतकुळात झाले, तेच आपले कुळ. त्याने ‘राधेय’ राहणे पत्करले. त्याला ‘खरा क्षत्रिय’ ठरवून समाधान मानतात ते वाचक.

९/ त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आले. त्यांनी खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे जळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले : इंद्रप्रस्थाच्या वैभवाआधी त्या वनातले नाग आणि प्राणी भस्म झाले होते. लाक्षागृहाची कथाही अशीच. पांडव निसटले, त्यांच्या जागी एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे जळाले. तिचे नावही महाभारत सांगत नाही. महाश्वेता देवींनी बंगालीत कुंतीला एका निषाद स्त्रीसमोर उभे केले आणि त्या मृत्यूंचा जाब मागितला.

१०/ मराठी दलित कवितेने एकलव्य आणि शंबूक यांना जवळ केले, तेही याच कारणाने. त्यांच्यापाशी लपलेले राजकुळ नाही. त्यामुळे त्यांची बाजू घेणाऱ्याला ‘ओळखण्यात चूक झाली’ असे म्हणून सुटता येत नाही. नियमच अन्याय्य होता, असे म्हणावे लागते.

११/ ही कसोटी आजच्या इतिहासकथनालाही लागू पडते. नवी मुंबईची गोष्ट सहसा चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता यांची कल्पना आणि १९७० साली स्थापन झालेली सिडको येथून सुरू होते. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभे राहिले, तेथील आगरी-कोळी माणसे या गोष्टीत ‘जमीन देणारे’ म्हणून येतात. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, हे त्या गोष्टीचे पहिले प्रकरण नसते, तळटीप असते. शहराच्या रथामागे धावणारा हा शोणच.

१२/ तेव्हा पुनर्कथन केवळ निवेदक बदलल्याने होत नाही. नव्या निवेदकाला स्वतःचे दुःख, स्वतःचा राग आणि स्वतःचा स्वार्थ असावा लागतो. ‘मृत्युंजय’ पुन्हा हाती घेणाऱ्याने एकदा शोणाच्या भागापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक पानावर एकच विचारावे : या क्षणी शोणाला स्वतःसाठी काय हवे होते? त्याचे उत्तर जेथे सापडत नाही, तेथून पुढची कादंबरी लिहायची आहे.