करवतकाठी साडीचं नाव झालं, पण तिचं सूत कोण काढतं?

गोंदिया म्हटलं की धान, राईस मिल आणि नवेगावबांध. कापसाचा हा जिल्हा नाहीच. तरी एक सूत इथल्या जंगलाचं स्वतःचं आहे, टसर. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपुरात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर या अळ्या वाढवतात. तुतीच्या रेशमासारखं हे घरातलं काम नाही. अळ्या उघड्यावर असतात आणि पक्षी-मुंग्यांपासून दिवसभर राखण करावी लागते. हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः ढिवर समाज करत आलाय.

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खणासोबत टसरच्या करवतकाठी साडीचंही नाव आहे. नोंदणीकृत पारंपरिक विणकरांना वर्षाला उत्सव भत्ता आहे, पुरुषांना १० हजार आणि महिलांना १५ हजार. चांगलंच झालं. पण साडी मागावर येण्याआधी सूत तयार व्हावं लागतं.

कोष सोड्याच्या पाण्यात उकळले की त्यातला डिंक सुटतो. मग चार-सहा कोषांच्या तारा एकत्र ओढून पीळ देतात. हे रीळ केलेलं सूत, सलग आणि महाग. पतंग भोक पाडून उडून गेला की त्या कोषातून सलग तार निघत नाही. हाताने ओढून जे जाडंभरडं, गाठीगाठीचं सूत काढतात, तो घिचा. रीळ करून उरलेला चोथा कातला की कटिया, आणि कोषाच्या देठापासून बलकल. म्हणजे घिचाच्या कापडातल्या गाठी हा दोष नव्हे, ती त्याची ओळख!

देशाच्या टसर पट्ट्यात बायका हे सूत उघड्या मांडीवर वळत आल्यात. मांडीची कातडी सोलवटते. ते थांबावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं. प्रश्न फक्त त्रासाचा नाही. ताण्याला एकसारखं, न तुटणारं सूत लागतं. मांडीवरचं सूत तिथे कमी पडतं, म्हणून देशात अनेक विणकर ताण्याला चीन किंवा कोरियाचं सूत घेतात आणि आपलं बाण्याला वापरतात. साडीचं नाव इथलं, पण सुताचे पैसे बाहेर जातात. आधीच २०२२-२३ मध्ये देशातल्या सुमारे ३६,५०० टन कच्च्या रेशमात टसर जेमतेम १,३०० टन होतं.

मागावरचा विणकर नोंदणीत सापडतो. सूत काढणाऱ्या बाईची नोंद कोणत्या यादीत आहे, हे जिल्ह्यात विचारायलाच हवं.

आणि साडी घेताना ‘सिल्क मार्क’ बघाच. पण तो फक्त रेशीम अस्सल असल्याचं सांगतो. ताण्याचं सूत कुठलं, हे दुकानदारालाच विचारा.