टिपेश्वरच्या पाहुण्यांना रोडगे
जपानमध्ये वाटाड्यासोबत खासगी खाद्यसफर करून वाग्यू गोमांस चाखणारा पाहुणा चवीइतकेच माहितीचेही पैसे मोजतो. २००३च्या कायद्याने तिथल्या गोवंशाच्या प्रत्येक जनावराला दहा अंकी ओळख क्रमांक मिळाला. कोबे बीफसाठी तर ते ह्योगोतल्या ताजिमा वंशाचंच लागतं. ही नोंदीची शिस्त आपण घ्यावी. त्यासाठी गोमांस लागत नाही. यवतमाळच्या टिपेश्वरला वाघ पाहायला आलेल्यांसमोर गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजावेत, राख झटकून फोडावेत, वर तूप सोडून वांग्याच्या भाजीसोबत वाढावेत. गहू कुठला, वांगी कुणाच्या वावरातली, तेही सांगावं. गावच्या जेवणाला पैसे कोण देईल, असं म्हटलं जाईल. पण पुण्या-मुंबईच्या माणसाला ते नवंच आहे. खरी अडचण सातत्याची. त्यासाठी आगाऊ नोंदणीवर चूल पेटवणारे बचत गट आणि स्वयंपाक समजावून सांगणारे स्थानिक गाइड तयार करावे लागतील.