परिचारिकेच्या पाठदुखीची जबाबदारी कोणाची?

बेंगळुरू : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, हे परिचर्येच्या विद्यार्थ्यांना आरंभीच शिकवले जाते. रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून घेतलेली ही काळजी कूस बदलणाऱ्या व्यक्तीच्या कंबरेवर काय परिणाम करते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जुनाट कंबरदुखी असलेल्या व्यक्तीने परिचर्येच्या व्यवसायात यावे काय, आणि या व्यवसायात आल्यावर दुखणे जडलेल्या परिचारिकेने पुढे काय करावे, हे दोन प्रश्न म्हणूनच वैयक्तिक राहत नाहीत. परिचर्या शिक्षणाचे देशातील एक प्रमुख केंद्र असलेल्या बेंगळुरूत त्यांना विशेष महत्त्व आहे.

परिचर्या महाविद्यालयांच्या संख्येत कर्नाटक देशात अग्रक्रमावर आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आणि बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातील परिचर्या महाविद्यालये संलग्न आहेत. बेळगाव, निपाणी, खानापूर या मराठी भाषक सीमाभागातील अनेक विद्यार्थीही याच व्यवस्थेत येतात. चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग किंवा तीन वर्षांची जीएनएम पदविका हा सामान्य कुटुंबातील मुलींसाठी नोकरीचा खात्रीचा मार्ग मानला जातो. त्यासाठी कर्ज काढले जाते, शेतीच्या उत्पन्नातून शुल्क भरले जाते. अशा वेळी कंबरदुखीमुळे शिक्षण अर्धवट राहिले किंवा नोकरी गेली, तर तो फटका संपूर्ण कुटुंबाला बसतो.

दुखणे किती व्यापक आहे?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी कंबरदुखी जुनाट समजली जाते. जगभरातील रोगभाराच्या अभ्यासानुसार २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाण्याचा अंदाज आहे. जगात अपंगत्व आणणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखी अग्रस्थानी आहे. बहुसंख्य रुग्णांमध्ये तिचे एकच निश्चित शारीरिक कारण सापडत नाही. एक्स-रे अथवा एमआरआयमध्ये ठळक काही दिसत नाही, तरीही वेदना खरी असते. कामाच्या ठिकाणी अशा वेदनेवर विश्वास बसणे कठीण जाते, ही या दुखण्याची पहिली अडचण आहे.

परिचर्येत वाकणे, वळणे, ओढणे आणि दीर्घकाळ उभे राहणे अटळ असते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने रुग्ण हाताळण्याबाबत सुचवलेली मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो आहे, आणि तीदेखील परिस्थिती अनुकूल असेल तेव्हाच लागू पडते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दोघींनी मिळून उचलले, तरी प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ३० किलो येतात. रुग्ण हा गोणीसारखा स्थिर भार नसतो. तो मध्येच कळवळतो, घसरतो, आधारासाठी परिचारिकेचा दंड धरतो. त्यामुळे वाकण्याची योग्य पद्धत शिकवणे आवश्यक असले, तरी तेवढे पुरेसे ठरत नाही. उंची कमी-जास्त होणाऱ्या खाटा, रुग्णाला सरकवण्याच्या घसरत्या चादरी, उचलण्याची यंत्रे आणि मुख्य म्हणजे पुरेसे मनुष्यबळ यांनीच भार खऱ्या अर्थाने कमी होतो.

मनुष्यबळाचे निकष कागदावर उपलब्ध आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे. हे राखीव मनुष्यबळ नसेल, तर दुखऱ्या कंबरेच्या परिचारिकेने घेतलेली एक दिवसाची रजा थेट सहकारी परिचारिकेच्या पाठीवर पडते. त्यातून रजा घेणारीला अपराधी वाटते आणि भार उचलणारी नाराज होते. संख्येच्या तुटीचे रूपांतर आपसातील कटुतेत होते, ते असे.

प्रवेशाच्या दाराशी

परिचर्या अभ्यासक्रमासाठी उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असणे बंधनकारक आहे. परिषदेच्या नियमांत दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु ते शरीराच्या खालच्या अवयवांचे ४० ते ५० टक्के चलनविषयक अपंगत्व असलेल्यांपुरते आहे. जुनाट कंबरदुखी असलेला उमेदवार या दोन्ही चौकटींच्या मध्ये अडकतो. पूर्णपणे तंदुरुस्त म्हणावे तर वेदना आहे. दिव्यांग म्हणावे तर प्रमाणपत्र मिळण्याइतके अपंगत्व नाही. परिणामी दुखणे लपवून प्रमाणपत्र मिळवण्याकडे कल होतो आणि लपवलेल्या दुखण्यासाठी नंतर सवलत मागण्याची सोय उरत नाही.

न्यायालयांनी मात्र या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. नागरी सेवा परीक्षेत लेखनिकाची मागणी करणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी महत्त्वाचा निर्वाळा दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील वाजवी सोयीसुविधांचा हक्क ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांपुरता मर्यादित नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात, केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून उमेदवार अपात्र ठरत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल किंवा नाही, याचे मूल्यमापन मंडळाने करावे, असा निकाल न्यायालयाने दिला. हे निकाल थेट परिचर्येविषयी नाहीत. तथापि टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष क्षमता पाहण्याचे त्यांतील तत्त्व परिचर्या प्रवेशालाही मार्गदर्शक ठरू शकते.

नोकरीतील असमान संरक्षण

सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा पदावनत करण्यास याच अधिनियमाच्या कलम २० नुसार मनाई आहे. काम झेपत नसल्यास त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. ही तरतूद शासकीय आस्थापनांना लागू आहे. खासगी आस्थापनांनी समान संधीचे धोरण जाहीर करावे, अशी अपेक्षा कलम २१ मध्ये आहे; परंतु नोकरी टिकवण्याची तेवढी ठोस हमी त्यात नाही. बेंगळुरूसारख्या शहरात परिचर्येच्या नोकऱ्यांचा मोठा भाग खासगी रुग्णालयांत असल्याने हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरी उणीव व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा यांना कायद्याच्या परिशिष्टात स्थान आहे, कंबरदुखीला नाही. दुखण्याची नोंद होत नाही, म्हणून आकडा दिसत नाही; आकडा नाही, म्हणून यंत्रांसाठी तरतूद होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत मालकाने विनाशुल्क वार्षिक आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे. रुग्णालयांत या तपासणीचा उपयोग पाठीच्या तक्रारींची नोंद ठेवण्यासाठी झाला, तर हे चक्र तुटू शकेल. मात्र त्या नोंदीमुळे नोकरी जाणार नाही, याची हमी नसेल तर तपासणीच्या वेळीही मौनच पाळले जाईल.

मार्ग आहेत, पण खुणा नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. व्यायाम, रुग्णशिक्षण, काही भौतिकोपचार आणि मानसिक उपचार यांची शिफारस त्यांत आहे. कंबरेचे पट्टे, ताण देण्याचे उपचार आणि अफूजन्य वेदनाशामके यांची शिफारस केलेली नाही. पट्टा बांधून आणि गोळी घेऊन पाळी पूर्ण करणे, हा तग धरण्याचा रूढ उपाय म्हणूनच उपचार ठरत नाही.

व्यवसायातही सर्व कामे सारख्याच भाराची नसतात. अतिदक्षता विभाग, अस्थिरोग विभाग आणि वृद्धांची शुश्रूषा यांत उचलण्याचे काम अधिक असते. बाह्यरुग्ण विभाग, संसर्ग नियंत्रण, लसीकरण, अध्यापन, समुदाय आरोग्य यांत ते तुलनेने कमी असते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेची शिखर संस्था बेंगळुरूतील निम्हान्स आहे. या सेवेत पुढील सल्ल्यासाठी दूरध्वनी ज्या तज्ज्ञांकडे सोपवला जातो, त्यांत मानसोपचार परिचारिकांचाही समावेश आहे. अर्थात, या वाटा पात्रता मिळाल्यानंतरच्या आहेत. शिक्षणकाळातील कक्षांमधील प्रात्यक्षिके कोणालाही टाळता येत नाहीत. खरी कसोटी तेथेच असते आणि सोयीसुविधांची गरजही तेथेच सर्वाधिक असते.

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना क्रिमियन युद्धातून परतल्यानंतर प्रदीर्घ आजाराने ग्रासले होते आणि पाठीच्या कण्याच्या तीव्र वेदनांनी त्या अनेक वर्षे खोलीबाहेर फारशा पडू शकल्या नाहीत. तरीही लंडनमधील १८६० ची परिचर्या शाळा आणि भारतातील सार्वजनिक आरोग्यावरील त्यांचे लेखन याच काळातील आहे. यावरून वेदना सोसण्याचा आदर्श काढणे चुकीचे ठरेल, कारण त्यांच्यापाशी साधने आणि प्रतिष्ठा होती. परिचर्या म्हणजे केवळ उचलण्याची ताकद नव्हे, एवढे मात्र त्यावरून निश्चित दिसते.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविकी आयोग कायदा मंजूर केला आहे. या कायद्याखाली नवे निकष तयार होतील, तेव्हा प्रवेशावेळी क्षमतेचे मूल्यमापन, प्रात्यक्षिकांत वाजवी सोयी आणि प्रत्येक रुग्णालयात रुग्ण उचलण्याच्या साधनांची सक्ती या तीन बाबींना स्थान मिळते किंवा नाही, हे पाहावे लागेल. सध्याची व्यवस्था परिचारिकेची पाठ प्रवेशाच्या वेळी एकदा तपासते आणि नंतर ती झिजेपर्यंत तिच्याकडे पाहत नाही. लाखो परिचारिकांच्या बळावर चालणाऱ्या आरोग्यसेवेला ही उपेक्षा फार काळ परवडणारी नाही.