रक्तातले आम्ल आणि फडातला घाम

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. डोक्यावर मुकादमाची उचल, पहाटेपासून फडात वाकून कष्ट, घोटभर पाण्यावर काढलेला दिवस आणि अंग दुखले की वेदनाशामक गोळी! ही दिनचर्या किडनीचा घात करणारी आहे. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत हजारो ऊसतोड मजूर किडनीच्या आजाराने मेले. रणरणत्या उन्हातले कष्ट आणि पाण्याचा अभाव हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

किडनी केवळ लघवी तयार करीत नाही. शरीरात रोज तयार होणारे आम्ल बाहेर टाकणे आणि ते शमविणारे बायकार्बोनेट रक्तात राखणे हेही तिचेच काम. ती दुबळी झाली की आम्ल साचते. ते शमविण्यासाठी हाडे झिजतात, स्नायू झडतात आणि उरलीसुरली किडनीही लवकर खचते. रोगी थकतो, त्याला धाप लागते. फडात या थकव्याला कामचुकारपणा म्हणतात! ज्याची सारी मिळकत मनगटात, त्याचे मनगटच हा आजार खातो.

बायकार्बोनेट लिटरला 22 मिलिमोलच्या खाली गेले की नाही, हे साध्या रक्ततपासणीत कळते. त्यावरच्या सोड्याच्या गोळ्या स्वस्त आहेत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील 134 रुग्णांच्या अभ्यासात त्यांनी किडनीची घसरण मंदावली. पुढील सर्वच अभ्यासांत मात्र तसा लाभ दिसला नाही. शिवाय रक्तदाब वा अंगावर सूज असणाऱ्यास त्या बाधू शकतात. म्हणून घरच्या घरी सोडा खाणे हा उपाय नव्हे. तपासणारा डॉक्टर हवा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, हे चांगलेच. पण आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालय गाठणाऱ्याने कोयता कधी धरायचा? उचल कशी फेडायची? 2019 साली याच जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. देह उद्ध्वस्त झाल्यावर मोजदाद करण्याची ही रीत आता थांबली पाहिजे.

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला पाण्याचा हक्क बजावला. मजूरमंत्री असताना आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाच्या आठवड्याच्या तासांची मर्यादा खाली आणली. त्याच कारखान्याला ऊस पुरविणाऱ्या फडात ना पाणी, ना मर्यादा! हंगामाला निघताना आणि परतल्यावर प्रत्येक ऊसतोड कामगाराच्या क्रिएटिनिन व बायकार्बोनेटची तपासणी तालुक्यातच मोफत झाली पाहिजे. फडात पाणी, सावली आणि विसावा देणे कारखान्यांवर बंधनकारक केले पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे!