दुधाचे माप आणि कर्करोगाचे भय

दूध प्याल्याने पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग होतो, असे छातीठोकपणे सांगणारे अलीकडे पुष्कळ झाले आहेत. काहीही होत नाही, असे तितक्याच जोरात सांगणारेही आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला हा वाद परका नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, ज्वारी घरी खायला लागते. दोन म्हशी असल्या तर किराणा आणि मुलांच्या वह्या दुधावर निघतात. म्हणजे दुधाविरुद्धची बातमी ही आपल्या पोटावरची बातमी आहे. ‘हा धंदा बुडवण्याचा डाव आहे’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. व्यापाऱ्याने काटा मारला की आपण बाजार बंद पाडतो. मग आपल्या मालाविषयी बोलताना आपलाही काटा सरळ हवा.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी, सुपारीहून थोडी मोठी ग्रंथी. तिच्या कर्करोगाचा आणि दुधाचा संबंध शोधणारे एक मोठे काम कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाने २०२२ साली प्रसिद्ध केले. अमेरिका आणि कॅनडातील ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या २८,७३७ पुरुषांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवले गेले. या पंथात विडी-दारू वर्ज्य, शाकाहारी पुष्कळ, आणि दुधाला न शिवणारेही बरेच. त्यामुळे तुलना चांगली होते. त्यांपैकी १,२५४ जणांना हा कर्करोग झाला. दिवसाला सुमारे ४३० ग्रॅम दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांना, जेमतेम २० ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा, धोका २७ टक्क्यांनी जास्त आढळला. दूध सायीचे की साय काढलेले, याने फारसा फरक पडला नाही. दही आणि चीज यांचा मात्र तसा संबंध दिसला नाही.

आता २७ टक्के म्हटले की शंभरातले सत्तावीस जण गेले, असे वाटते. टक्केवारीचा हा खेळ आपण हमीभावाच्या घोषणांत पुष्कळ पाहिला आहे. टक्के कशाचे, हे आधी विचारावे. या अभ्यासात शंभरातल्या साधारण चौघांना रोग झाला. म्हणजे दूध कमी पिणाऱ्या शंभरांत चार धरले, तर भरपूर पिणाऱ्या शंभरांत पाच. हा फरक खोटा नाही आणि प्रलयही नाही. शिवाय दूध पिणाऱ्यांत रोग जास्त दिसला म्हणजे दुधानेच झाला, असे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. कारण असू शकेल असे एक सापडले आहे: दूध पिणाऱ्यांच्या रक्तात आयजीएफ-१ नावाचा, पेशींच्या वाढीला चालना देणारा घटक थोडा वाढतो आणि हा घटक जास्त असणाऱ्यांत हा कर्करोग थोडा जास्त दिसतो. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१४ साली सगळा पुरावा तपासून त्याला ‘मर्यादित, सूचक’ म्हटले. त्याच संस्थेने दुधामुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बहुधा कमी होतो, असेही म्हटले आहे. ही दुसरी बाजू भय घालणारे सांगत नाहीत.

हा झाला रोज अर्धा लिटर दूध रिचवणाऱ्यांचा हिशेब. आपल्या घरात काय आहे? सकाळचे दूध डेअरीला, संध्याकाळचेही डेअरीला. घरात उरते ते चहापुरते, आणि कधी भाकरीबरोबर ताक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनेत दिवसाला ३०० मिलिलिटर दूध सांगितले आहे. ज्या बाईने म्हशीचे शेण काढले, कडबा घातला, सरकीची ढेप भिजवली, तिच्या वाट्याला यातले किती येते ते प्रत्येकाने आपल्या चुलीपाशी बघावे. कर्करोगाच्या भयाने त्या घरातला पेलाभर दूध-ताक बंद करणे शहाणपणाचे नाही. पोरांचे दूध तर मुळीच तोडू नये. ज्याच्या घरी दुभते भरपूर आहे आणि जो पहेलवानी थाटात दोन-दोन लोटे पितो, त्या पन्नाशीच्या पुढच्या गड्याने मात्र एक लोटा पोरांना द्यावा. त्याचे काही अडणार नाही.

एक गोष्ट जाता जाता. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली मॅलॅथिऑन हे कीटकनाशक ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. तेव्हा माणसांतला जो पुरावा पाहिला, मर्यादित का होईना, त्यात प्रोस्टेटचा कर्करोगही होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. दुधाच्या पेल्याकडे संशयाने बघणाऱ्याने पाठीवरच्या पंपाकडेही बघावे.

राहिला म्हाताऱ्यांचा प्रश्न. लघवीला रात्रीतून चारचार वेळा उठणे, धार बारीक होणे, थांबून थांबून होणे, हे बहुतेक वेळा वयाने ग्रंथी वाढल्यामुळे होते आणि ती वाढ कर्करोगाची नसते. पण लघवीतून रक्त गेले, किंवा कंबरेचे, हाडांचे दुखणे हटेना, तर लाजेपोटी गप्प बसू नये. आपल्याकडे हा रोग पुष्कळांना हाडात उतरल्यावरच कळतो. डॉक्टर हाताने तपासतात, पीएसए नावाची रक्ताची चाचणी करतात. त्या एका आकड्यावर कर्करोग ठरत नाही, पुढच्या तपासण्या असतात. वेचणी सुरू झाली की घरात कोणालाच सवड नसते. तेव्हा ज्यांच्या वडिलांना हा त्रास आहे त्यांनी त्यांना दसऱ्याआधीच जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन आणावे.